डबल टेप टिकवायची कशी: भिंत, टाइल, डबा आणि काच

फेविकॉल लावला की त्यातलं पाणी उडून जातं आणि मागे घट्ट थर उरतो. एरल्डाइटच्या दोन ट्यूबांतले घटक एकमेकांत मिसळले की रासायनिक क्रिया होऊन कडक होतात. टेपवरचा गोंद यातलं काहीच करत नाही. कारखान्यातून निघताना तो जसा मऊ आणि चिकट होता, तसाच टेप लावल्यानंतरही राहतो. त्याला पाणी नको, उष्णता नको, दुसरा घटक नको. त्याला हवा असतो दाब, आणि दाबानंतर थोडा वेळ.

हुक गळून पडला, नावाची पाटी निसटली की आपण टेपला नावं ठेवतो. बहुतेक वेळा टेप चांगलीच असते. तिचा गोंद समोरच्या पृष्ठभागाला पुरता भिडलेलाच नसतो. पुढे जे जे करायला सांगितलं आहे, पुसण्यापासून तीन दिवस थांबण्यापर्यंत, ते सगळं या भिडण्यासाठी आहे. म्हणून आधी ते नीट समजून घेऊ.

गोंद भिडतो म्हणजे काय होतं

काच किंवा स्टील आपल्या बोटाला गुळगुळीत लागतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिथेही उंचवटे आणि खळगे असतात. दोन कडक वस्तू एकमेकींवर ठेवल्या तर फक्त उंचवट्यांची टोकं टेकतात, बाकी सगळीकडे हवाच राहते. टेपला धरून ठेवणारं मुख्य बल म्हणजे रेणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण. त्याची पोच काही नॅनोमीटरपुरतीच असते, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. गोंद इतका जवळ गेला तरच हे आकर्षण कामाला लागतं. त्यासाठी त्याने वाहत जाऊन खळगे भरले पाहिजेत, पृष्ठभाग भिजवला पाहिजे.

पण नुसता पातळ द्रव असून भागत नाही. पाणीसुद्धा काच भिजवतं, तरी पाण्याने काचेवर हुक टिकत नाही. टेपचा गोंद भिजलेल्या कणकेच्या स्वभावाचा असतो: हळू दाबला तर पसरतो, खाचेत शिरतो, झटक्यात ओढला तर ताण घेतो आणि विरोध करतो. थ्रीएम कंपनीतले शास्त्रज्ञ कार्ल डालक्विस्ट यांनी यावर एक उपयोगी निकष दिला. गोंदाचा कडकपणा साधारण ३ लाख पास्कलपेक्षा कमी असेल तरच तो हलक्या दाबाने पृष्ठभागाला भिडतो. त्याहून कडक झाला की चिकटेपणा जातो. थंडीत टेप का धरत नाही, याचं उत्तर इथेच आहे.

टेप सोलताना कडेला नीट पाहा. गोंदाचे बारीक तंतू ताणलेले दिसतील. टेप काढायला जो जोर लागतो, त्यातला फार मोठा भाग हे तंतू ताणण्यात खर्च होतो. रेणूंच्या निव्वळ आकर्षणासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या हजारो पट ऊर्जा सोलताना खर्च होऊ शकते. आकर्षण पकड देतं आणि त्या पकडीच्या आधाराने गोंद स्वतः ताणला जाऊन झुंज देतो. पकडच अर्धवट असेल तर ताणायची वेळच येत नाही, टेप सरळ निघून येते.

याचा उलटा उपयोगही झाला आहे. थ्रीएममधलेच रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांनी १९६८ मध्ये सूक्ष्म गोळ्यांच्या रूपातला एक गोंद तयार केला. गोळे पृष्ठभागाला मोजक्याच ठिकाणी टेकतात, म्हणून कागद सहज निघतो आणि पुन्हा चिकटतो. १९८० पासून अमेरिकेत सगळीकडे विकायला आलेल्या पोस्ट-इट चिठ्ठ्या त्याच गोंदाच्या.

पायरी १: टेप ठेवायची आहे की काढायची आहे, ते आधी ठरवा

१९२० च्या दशकात अमेरिकेत दोन रंगांच्या मोटारींची लाट होती. एक रंग मारताना दुसरा झाकायला रंगारी कागद चिकटवत, आणि तो काढताना ताजा रंगही उखडून येई. सेंट पॉलच्या मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीत, म्हणजे आजच्या थ्रीएममध्ये, काम करणाऱ्या रिचर्ड ड्रू यांनी हे पाहिलं आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप आणली. रंग संपेपर्यंत धरायचं आणि मग काही न उखडता निघायचं, एवढंच तिचं काम. पारदर्शक सेलोफेनची टेपही त्यांचीच, १९३० ची. तेव्हा मास्किंग टेपने काही टांगू नका. तिच्यात कमीपणा काही नाही, ती निघण्यासाठीच बनवलेली आहे.

कायमच्या कामासाठी बाजारात साधारण दोन जातींचा गोंद मिळतो. रबराचा गोंद लावताक्षणी घट्ट धरतो आणि प्लॅस्टिकवरही बरा बसतो, पण उन्हात आणि उष्णतेत लवकर म्हातारा होतो, पिवळा पडतो. ॲक्रिलिक गोंद पकड घ्यायला वेळ लावतो, मग मात्र ऊन-पाऊस सोसून वर्षानुवर्षं राहतो. बाहेरची पाटी, बाल्कनी, गाडी यांसाठी ॲक्रिलिकच घ्या. सिलिकॉन गोंद फार उष्णतेच्या जागी लागतो. घरात त्याची गरज क्वचितच पडते.

स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी स्वस्त फोम टेप आणि राखाडी किंवा पारदर्शक ॲक्रिलिक फोम टेप या दिसायला जवळच्या असल्या तरी त्यांच्या ताकदीत मोठा फरक आहे. पांढऱ्या टेपमध्ये बहुधा गोंद टिकतो आणि मधला फोमच फाटतो. वजन टांगायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे की तिच्या वाटेला जाऊ नये.

गणपतीच्या आराशीसाठी किंवा वाढदिवसाच्या सजावटीसाठी एक सोपी युक्ती आहे. भिंतीवर आधी मास्किंग टेपची पट्टी लावा आणि डबल टेप तिच्यावर चिकटवा. वजन हलकं असेल तर चार-पाच दिवस आरामात टिकतं, आणि काढताना रंग निघण्याचा धोका बराच कमी होतो.

पायरी २: पृष्ठभाग ओळखा

ही पायरी घाईत उरकू नका. टेप पडण्याची सर्वांत जास्त कारणं इथेच सापडतात.

गोंद एखाद्या पृष्ठभागावर पसरेल की अंग चोरून गोळा होईल, हे त्या पृष्ठभागाच्या पृष्ठऊर्जेवर, म्हणजे तो दुसऱ्या पदार्थाला किती जोराने आपल्याकडे ओढतो यावर ठरतं. तपासायला पाण्याचा थेंब पुरतो. जागा आधी साबणाने धुऊन वाळवा, कारण तेलकट काचेवरही पाण्याचे मोती होतात. मग एक थेंब टाका. पसरला तर टेपचा गोंदही पसरेल. गोल होऊन बसला तर सावध व्हा.

आकड्यांत सांगायचं तर पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर आहे. स्वच्छ काच आणि धातू यांची पृष्ठऊर्जा त्याहून कितीतरी जास्त, शेकड्यांत असते. पॉलिकार्बोनेट, नायलॉन, एबीएस अशी कडक प्लॅस्टिकं चाळिशीच्या आसपास येतात; त्यांवर चांगली टेप व्यवस्थित बसते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तिशीवर असतात, आणि बादल्या, डबे, टब बहुतेक याच दोघांचे. नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन तर २० च्या जवळपास.

प्लॅस्टिक कोणतं ते कसं कळणार? वस्तू उलटी करा. बुडाशी बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो. २ किंवा ४ म्हणजे पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. या तीन आकड्यांपैकी एक दिसला तर साध्या ॲक्रिलिक टेपवर विसंबू नका. रबरी गोंदाची टेप घ्या, किंवा प्लॅस्टिकसाठीचा टेप-प्रायमर मिळाला तर आधी त्याचा पातळ हात द्या. तरीही जड काही लावू नका.

मऊ पीव्हीसीची अडचण वेगळी आहे. टेबलावरचं पारदर्शक प्लॅस्टिक, रेग्झीन यांत ती मऊ राहावीत म्हणून तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू गोंदात उतरतं आणि गोंद लिबलिबीत होतो. पहिल्या आठवड्यात टेप झकास धरते, दोन-तीन महिन्यांनी घसरू लागते. गाडीच्या डॅशबोर्डवर बहुधा पॉलिशचाही थर असतो. त्यात सिलिकॉन असेल तर टेप धरणारच नाही. टेपच्या मागचा कागद सहज निघावा म्हणून त्याला सिलिकॉनचाच लेप देतात, यावरून त्याचा गुण कळेल.

आता भिंत. तळहात भिंतीवर दाबून फिरवा. पांढरी पूड हाताला लागली तर भिंत चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची आहे. तिथे टेप पुडीला उत्तम चिकटते, आणि पूड भिंतीला धरून नसते. ओढल्यावर सगळ्यांत दुबळा थर सुटतो, हा नियम अटळ आहे. याच नियमावर मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे थर सोलत सोलत ग्राफीन, म्हणजे एकाच अणूच्या जाडीचा कार्बनचा थर, वेगळं केलं. २००४ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं आणि २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. ग्रॅफाइटच्या थरांमधली पकड टेपच्या पकडीपेक्षा दुबळी असते, म्हणून ते जमतं. डिस्टेंपरच्या भिंतीवर तुमच्या हुकाचंही तेच होतं.

प्लॅस्टिक इमल्शन किंवा ऑइल पेंटची, पूड न सुटणारी भिंत चालते, पण तिथेही रंगाने गिलाव्याला जेवढं धरलं असेल तेवढीच टेपची खरी ताकद. नवा रंग असेल तर निदान एक-दोन आठवडे थांबा. पावसाळ्यात ओल आलेल्या, क्षार फुललेल्या भिंतीला टेप लावूच नका. कोकणातल्या घरांत जुलैमध्ये कोरडी वाटणारी भिंतसुद्धा आतून ओली असू शकते. तिथे हे काम दिवाळीनंतर करावं.

पायरी ३: पुसा, आणि नीट पुसा

स्वयंपाकघरातल्या टाइलवर फोडणीच्या वाफेचा तेलकट थर बसलेला असतो. आधी भांड्यांच्या साबणाने घासा, साबणाचा अंश जाईपर्यंत साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून स्वच्छ सुती फडक्याने पुसा. हात एकाच दिशेने चालवा. गोल गोल पुसलं तर मळ तिथल्या तिथे फिरतो. गॅस बंद ठेवा आणि खिडकी उघडा, अल्कोहोल पटकन पेट घेतं.

रॉकेल नको, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. हँड सॅनिटायझर नको, त्यात हात मऊ राहावेत म्हणून बहुधा ग्लिसरीन असतं. सुगंधी क्लीनर आणि फर्निचर पॉलिशही नको. पुसल्यावर त्या जागेला बोट लावू नका, बोटालाही तेल असतं.

पायरी ४: हवा आणि तापमान पाहा

ॲक्रिलिक फोम टेप लावायला २१ ते ३८ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. १० अंशांच्या खाली गोंद इतका कडक होतो की खळग्यांत शिरत नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न थंडीतल्या पहाटेपुरताच. लंडनला किंवा शिकागोला राहणाऱ्यांनी मात्र हिवाळ्यात गॅरेजमध्ये किंवा दाराबाहेर टेप लावताना आधी दोन्ही पृष्ठभाग हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावेत. एकदा नीट भिडलेली टेप नंतरची थंडी सोसते. अडचण लावतानाच्या थंडीची असते. न्हाणीघरात रात्रभर दार-खिडकी उघडी ठेवा आणि सकाळी, कोणाचीही अंघोळ व्हायच्या आधी, काम करा.

पायरी ५: वजन आणि टेपचा हिशेब

चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपसाठी, सतत टांगून राहणाऱ्या वजनाचा सर्वसाधारण हिशेब असा: दर किलोला सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर टेप. २४ मिलिमीटर रुंदीची टेप असेल तर एका किलोला जवळपास २३ सेंटिमीटर लांबी. हे जास्त वाटेल, कारण लावल्या लावल्या हाताने ओढून पाहिलं तर याच्या कितीतरी पट जोर टेप सहन करते. पण हाताचा जोर क्षणाचा असतो आणि वजन रात्रंदिवस खेचत राहतं. गोंद थोडासा द्रव आहे, त्यामुळे सततच्या ओढीने तो कणाकणाने सरकतो. ही सरक रोखायला जास्त क्षेत्र लागतं.

ओढ कोणत्या दिशेने आहे, हे क्षेत्राइतकंच महत्त्वाचं आहे. वजन भिंतीला समांतर, सरळ खाली ओढत असेल तर भार टेपभर वाटला जातो. वजन भिंतीपासून पुढे आलं की वरची कड उचलली जाते आणि सगळा भार एका बारीक रेषेवर येतो. तिथून टेप सोलली जाते. म्हणून लांब दांड्याचा हुक घेऊ नका, भिंतीलगत बसणारा घ्या. टेप उंचीला जास्त ठेवा, आणि वस्तूच्या अगदी वरच्या कडेपर्यंत न्या, तिथेच ओढ सर्वाधिक असते. बाहेरच्या पाटीला आणि न्हाणीघरात उभ्या पट्ट्या लावा, म्हणजे मागे पाणी साचणार नाही. जड आरसा, पलंगावरची किंवा पाळण्यावरची कोणतीही वस्तू केवळ टेपच्या भरवशावर टांगू नका.

पायरी ६: लावा आणि दाबा

पेन्सिलीने किंवा मास्किंग टेपच्या तुकड्यांनी जागा आखून घ्या, कारण दुसरी संधी नाही. आधी टेप वस्तूला लावा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. मागचा कागद न काढता वरून दाबा. मग कागद काढा, वस्तू आखलेल्या जागी टेकवा आणि पुन्हा दाबा.

किती दाबायचं? सुमारे १०० किलोपास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो भार. २४ मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब पट्टीला एकदम दाबायचं तर २४ किलोचा जोर हवा. वरून नुसता हात फिरवून एवढा दाब येत नाही. अंगठ्याने एकेका इंचावर अंगाचा भार देत पुढे सरका, प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा सेकंद थांबा. प्रयोगशाळेत टेपची पकड तपासतानाही हाताच्या अंदाजावर भिस्त नसते: स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर टेप ठेवून वरून २ किलोचा रूळ फिरवतात आणि मिनिटाला ३०० मिलिमीटर या ठरलेल्या वेगाने सोलतात.

वाकडं बसलं म्हणून उचलून परत लावलं, तर धूळ आणि रंगाचे कण गोंदावर बसलेले असतात. ती पट्टी टाकून द्या, नवी कापा.

पायरी ७: थांबा

साध्या खोलीच्या तापमानाला ॲक्रिलिक फोम टेपची पकड २० मिनिटांत सुमारे ५० टक्के होते, २४ तासांत ९० टक्के, आणि पूर्ण व्हायला ७२ तास लागतात. गोंद या काळात अजून खळग्यांत शिरत असतो. आज संध्याकाळी हुक लावून लगेच त्यावर ओला टॉवेल टाकला तर अर्ध्या पकडीवर पूर्ण भार पडतो. शुक्रवारी लावा, सोमवारी वापरा. रबरी गोंदाला इतकी वाट पाहावी लागत नाही, तरी एक रात्र द्यावी.

काढताना

हेअर ड्रायरने मिनिटभर गरम करा, गोंद मऊ होतो. मग टेप स्वतःवर दुमडून, भिंतीला जवळजवळ समांतर ठेवून, अगदी सावकाश ओढा. वेगाने ओढलं की गोंद कडक वागतो आणि भार रंगावर जातो. खाली शेपटी असलेल्या पट्ट्या मात्र भिंतीलगत सरळ खालीच ताणायच्या असतात. त्या ताणून बारीक होत सुटतात, आणि पुढे ओढल्या तर रंग घेऊन येतात. जाड फोम टेपच्या मागून तंगूस घालून करवतीसारखी पुढे-मागे ओढली की फोम कापला जातो. उरलेल्या गोंदावर खोबरेल तेल चोळून पाव तास ठेवा, बोटाने गोळा करून काढा, शेवटी साबणाने पुसा.

इथेच एक कळकळीची विनंती. जुन्या पोथ्या, जमिनीचे दस्तऐवज, आजोबांचे फोटो फाटले असतील तर त्यांना सेलोटेप लावू नका. रबरी गोंद कागदाच्या तंतूंत उतरतो, हवेतल्या ऑक्सिजनने तपकिरी होतो, आणि काही वर्षांनी वरची पट्टी वाळून गळून पडली तरी डाग कायम राहतो. तो काढताना शाई जाण्याची भीती असते. जतन करणारे जाणकार यासाठी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, जी पुढे पाण्याने सोडवता येते. ते जमत नसेल तर फाटलेले तुकडे तसेच एका पाकिटात सपाट ठेवा.

टेप पडलीच तर

तिला फेकून देण्याआधी उजेडात नीट पाहा. गोंद सगळा टेपवर आहे आणि स्वच्छ, चकचकीत आहे? मग तो पृष्ठभागाला भिडलाच नव्हता: तेल राहिलं, दाब कमी पडला किंवा प्लॅस्टिक २, ४, ५ मधलं आहे. गोंदावर पांढरी पूड आहे? दोष भिंतीचा. फोम मधून फाटून दोन्हीकडे उरला आहे? पकड चांगली होती, वजन जास्त किंवा टेप हलकी. गोंद दोन्हीकडे, तारा काढत, लिबलिबीत? उष्णता किंवा मऊ पीव्हीसी. वस्तू पडण्याआधी काही दिवस खाली सरकत होती? क्षेत्र कमी पडलं, पुढच्या वेळी पट्टी दुप्पट करा. आणि टेपच्या मागे रंगाचा अख्खा पापुद्रा आला असेल तर तिथे ड्रिल करून स्क्रूच मारा.